रात्रीचे जेवण : अर्ध्या तासात, हलके आणि सगळ्यांसाठी एकच

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार. मी डोंबिवलीला राहते आणि लोकलची कृपा असेल त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचते. घरात आम्ही सहा जण आहोत : सासू-सासरे, आम्ही दोघे, पंधरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस संध्याकाळी आजोळीच जेवतो, त्यामुळे रात्रीच्या पंगतीला पाच ताटे धरून चालावे. दिवाळीनंतरच्या तपासणीत नवऱ्याचे वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले निघाले. सासऱ्यांना मधुमेह आहेच. त्यामुळे रात्रीचे जेवण हलके करायचे, असे आम्ही ठरवले.

ठरवले खरे, पण सुरुवात चुकली. मी नवऱ्यासाठी उकडलेल्या भाज्या आणि सूप, सासऱ्यांसाठी भाकरी आणि बिनगुळाची आमटी, आणि मुलांसाठी नेहमीची पोळी-भाजी अशी तीन वेगवेगळी जेवणे करू लागले. ओट्यावर तीन भांडी चढत होती, आणि ज्याच्यासाठी एवढे सगळे चालले होते तो माणूस रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडत होता. यात त्याचा दोष नव्हता. शेजारच्या ताटात खमंग वास येत असताना समोर वाफवलेली फुलकोबी आली, तर कोणाचेही पोट भरणार नाही.

मग एका रविवारी मी किराण्याची यादी घेऊन बसले आणि लक्षात आले, की आमच्याकडे महिन्याला सात लिटर तेल लागत होते. त्याचे वजन साधारण ६.४ किलो होते, म्हणजे पाच माणसांत आणि तीस दिवसांत विभागले तर माणशी रोज ४२ ग्रॅमच्या वर. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे एकट्या तेलाच्या जवळजवळ ३८० कॅलरी झाल्या. दोन मोठ्या भाकऱ्यांइतकी ही शक्ती कोणाच्याही ताटात दिसत नव्हती आणि कोणी मागूनही घेतलेली नव्हती.

तेव्हापासून मी पदार्थ बदलण्याऐवजी पळी बदलली. फोडणीची खोलगट पळी वर ठेवून दिली आणि तेलाच्या भांड्यात औषधाच्या बाटलीबरोबर येणारा पाच मिलिलिटरचा चमचा ठेवला. आता भाजीला चार चमचे तेल पडते आणि ते पाच जणांत वाटले जाते. पहिले दोन-तीन दिवस कांदा कढईला चिकटत होता. त्यावर उपाय म्हणून मी तेल नीट तापू देते, मोहरी पूर्ण तडतडू देते आणि कांदा लागू लागला की आणखी तेल न घालता पाण्याचा हबका मारते. कांदा तसाही छान गुलाबी होतो.

सध्या आमच्याकडे सर्वांत जास्त चालते ती मुगाची खिचडी, पण प्रमाण उलटे करून. पूर्वी मी दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेत असे. आता एक वाटी तांदळाला दीड वाटी सालाची मूगडाळ घेते आणि त्यातच किसलेला दुधी, मटार आणि गाजराचे तुकडे घालते. दुधीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्यामुळे खिचडी मऊ होते, ताट भरलेले दिसते आणि कॅलरी फारशा वाढत नाहीत. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत काकडीची कोशिंबीर आणि ताक तयार असते. मुलांच्या ताटात वरून तूप वाढते, आम्ही मोठी माणसे लिंबू पिळून घेतो. भांडे एकच, ताटात फरक फक्त शेवटच्या चमच्याचा.

पण रोज खिचडी करता येत नाही. अर्ध्या-पाऊण तासात होणारे, सगळ्यांनी मिळून खाता येईल असे आणि मुख्य म्हणजे चवीत कुठेही पथ्याचे वाटणार नाही असे पदार्थ तुमच्याकडे कोणते होतात, ते कृपया सविस्तर लिहावे.

जुन्नरी

ताई, आमच्या जुन्नर भागात थंडीच्या दिवसांत रात्री हमखास होणारा पदार्थ म्हणजे हुलग्याचे शेंगोळे. हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ. तुमच्या सगळ्या अटींत हा पदार्थ बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच माणसांसाठी दोन वाट्या हुलग्याचे पीठ आणि अर्धी वाटी ज्वारीचे पीठ घ्यावे. आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे खलबत्त्यात जाडसर कुटून त्यातले निम्मे वाटण पिठात घालावे, हळद-मीठ घालून पीठ भाकरीपेक्षा घट्ट मळावे. त्यातला लिंबाएवढा गोळा बाजूला काढून ठेवावा, तो शेवटी लागतो. उरलेल्या पिठाच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या पोळपाटावर वळून टोके जुळवावीत आणि कडी करावीत. हे काम मुलांच्या हाती द्यावे. माझा पुतण्या कड्यांऐवजी अक्षरे वळतो आणि मग आपल्या नावाची अक्षरे ताटात शोधत जेवतो, त्यामुळे त्याला जेवायला बोलवावे लागत नाही.

पातेल्यात दोन चमचे तेल तापवून उरलेले वाटण परतावे आणि दीड लिटर पाणी ओतावे. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय शेंगोळे सोडू नयेत, कारण कोमट पाण्यात ते विरघळून तळाशी चिखल होतो. एकेक करून सगळे सोडले की पहिली पाच मिनिटे झाकण ठेवू नये आणि डावही फिरवू नये. नंतर बाजूला ठेवलेला गोळा वाटीभर पाण्यात कालवून ओतावा, म्हणजे रस्सा दाटतो. एकूण वीस मिनिटांत शेंगोळे आतपर्यंत शिजतात. एखादा मोडून पाहावा. आत पांढरट रेघ दिसली तर आणखी थोडे उकळावे.

त्याबरोबर पोळी, भाकरी, भात काहीच लागत नाही. बाजूला कच्चा कांदा, मुळ्याच्या चकत्या आणि लिंबू एवढे पुरते. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे रात्री उशिरा पुन्हा भूक लागत नाही आणि फरसाणाच्या डब्याची आठवणही होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

कोकणकडा

जुन्नरी यांनी वाट पीठ मळण्यापर्यंत नेली. ज्या दिवशी तेवढाही वेळ नसेल, त्या दिवशी त्याच पिठाची आमच्याकडची कुळथाची पिठी करावी. दोन चमचे तेलात भरपूर ठेचलेला लसूण लालसर करून पाणी घालायचे, त्यात आमसुले, तिखट आणि मीठ टाकायचे आणि गार पाण्यात कालवलेले पीठ हळूहळू ओतत ढवळायचे. दहा मिनिटांत ती उकळून तयार होते. भाजलेल्या कुळथाचे पीठ घरात असले, तर गॅसवर भात होण्याआधी पिठी होते.

मासे खाणाऱ्यांसाठी आणखी एक सुचवते. आपल्याकडे मासा म्हटला की नारळाचे वाटण किंवा रवा लावून तळणे एवढेच डोळ्यांसमोर येते, आणि कॅलरी माशात कमी व त्या वाटणात किंवा तेलात जास्त असतात. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये ३५० च्या आसपास कॅलरी असतात, सुक्या खोबऱ्यात तर साडेसहाशेच्या वर. त्याऐवजी बांगड्याचे तिखले करून पाहावे. बांगड्यांचे तुकडे, लाल तिखट, हळद, मीठ, आमसुले, ठेचलेला लसूण आणि पाच-सहा तिरफळे पसरट भांड्यात एकत्र करून तुकडे जेमतेम बुडतील एवढे पाणी घालायचे आणि मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटे शिजवायचे. वरून चमचाभर खोबरेल सोडले तर वास अप्रतिम येतो. चमचा फिरवू नये, भांडेच धरून हलवावे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. त्याबरोबर तांदळाची एक भाकरी घेतली की जेवण पूर्ण होते.

भाकरीपुराण

मी सोलापूरचा. आमच्याकडे रात्री ज्वारीची भाकरी, पिठले, कच्चा कांदा आणि ठेचा असे जेवण असते आणि ते जड असल्याचे मला कधी जाणवले नाही. पिठले आणि झुणका यांत मात्र फरक करावा. झुणका मोकळा व्हायला तेल सढळ लागते, पातळ पिठले मात्र चमचा-दोन चमचे तेलावर होते. शंभर ग्रॅम बेसनाचे पिठले पाच माणसांना पुरते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बेसनाच्या साधारण ७५ ते ८० कॅलरी येतात. पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर आणखी १७० च्या आसपास. तेल धरूनही एक भाकरी आणि वाटीभर पिठले पावणेतीनशेच्या आत बसते.

धाग्यात सगळे तेलाबद्दल लिहीत आहेत, म्हणून मला आमच्या भागाची खरी अडचण सांगायची आहे. आमच्या बहुतेक भाज्यांत शेंगदाण्याचे कूट मुठीने पडते. शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. माणशी वीस ग्रॅम कूट पोटात गेले तर त्याच्याच शंभराहून जास्त कॅलरी होतात आणि ते भाजीत दिसतही नाही. मी कूट बंद केलेले नाही, कारण दाणे पौष्टिक आहेत आणि त्यांच्याशिवाय आमच्या वांग्याला चवच येत नाही. पण आता कूट भाजीत न घालता जेवताना वरून चमचाभर घेतो. चव जिभेला थेट लागते, त्यामुळे थोडे पुरते.

आणखी एक जुना पदार्थ म्हणजे ज्वारीच्या कण्या. ज्वारी जाडसर भरडून ठेवायची, रात्री मीठ घालून पाण्यात मऊ शिजवायची आणि गार झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर घालून खायची. वडील आजही उन्हाळ्यात रात्री एवढेच खातात. शहरातले नातेवाईक परदेशी धान्यांची महागडी पाकिटे आणतात, त्यांना मी प्रत्येक वेळी दोन किलो कण्या बांधून देतो.

पालेभाजी

मी आहारशास्त्र शिकवते. धाग्यातले आकडे बहुतांश बरोबर आहेत, तरी काही गोष्टी जोडणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट तेलाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम एवढे प्रमाण दिले आहे. सांजवेळ यांच्या घरी पाच जणांना महिन्याला साडेचार लिटर तेल पुरले तर हिशोब नेमका तिथे पोहोचतो. मात्र त्या प्रमाणात तूप आणि लोणीही मोजायचे असते, हे विसरू नये. त्याच सूचनांत भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत आणि माझ्या मते बहुतेक घरांत खरी तूट इथे आहे. तेल कमी करण्याकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे भाजी वाढवण्याकडे जात नाही.

दुसरी गोष्ट मुलांची, आणि ती मी आग्रहाने सांगते. नऊ आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या कॅलरी मोजू नयेत आणि त्यांच्यासमोर वजनाची चर्चाही करू नये. त्यांची वाढ चालू आहे. एकाच भांड्यातले जेवण वाढून त्यांच्या ताटात तूप, दाणे, उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही अधिक द्यावे, हा सांजवेळ यांचा मार्ग अगदी योग्य आहे. एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ते उकडायला दहा मिनिटे लागतात.

तिसरी गोष्ट सासऱ्यांची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रात्रीची भाकरी किंवा भात आपल्या मनाने एकदम कमी करू नये, कारण पहाटे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जेवणात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि जेवणाची वेळ शक्यतो पुढे-मागे होऊ देऊ नये. घरातली माणसे साडेनऊला जेवत असली तरी त्यांना आठला वाढता आले तर उत्तम. एकच पदार्थ केल्याचा इथेही फायदा आहे, कारण तो आधी तयार होतो.

संत्रानगरी

नागपूरकडून एक भर घालते. सकाळच्या पोळ्यांची कणीक थोडी उरवून फ्रीजमध्ये ठेवली की रात्री वरणफळे वीस मिनिटांत होतात. एरवी आपण वरणफळांवर तूप ओततो. त्याऐवजी वरणातच चिरलेला पालक, टोमॅटो आणि शेवग्याच्या शेंगा घातल्या तर ती कोरडी लागत नाहीत. कणीक कमी आणि वरण जास्त ठेवावे.

चतुर्थी

संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो आणि दिवसभर उपास असल्यामुळे रात्री साबुदाण्याची खिचडी हलकी म्हणून केली जाते. ती खरेच हलकी असते का?

पालेभाजी

नाही. कोरड्या साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये ३५० च्या आसपास कॅलरी असतात आणि तो जवळजवळ सगळा पिष्टमय असतो, प्रथिने नावापुरतीच. त्यावर दाण्याचे कूट आणि तूप आले की एक भरलेली बशी जेवणाहून जड होते. संकष्टीला चंद्रदर्शनानंतर बहुतेक घरी उपास सोडतातच, तेव्हा साधे वरण, भात आणि पालेभाजी घेणे अधिक बरे. ज्यांना उपासाचेच खायचे असेल त्यांनी भगर आणि त्याबरोबर काकडी किंवा भोपळ्याचे दह्यातले भरीत घ्यावे. भगरीच्या कॅलरी तांदळाच्या जवळपास असतात, म्हणून तीही वाटीच्या मापानेच घ्यावी.

हिरवी मिरची

घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे, म्हणून लिहिते. माझी मुलगी त्याच वयाची आहे आणि तिला रात्री बाहेरून मागवलेले काहीतरी हवे असते. आमच्याकडे तो प्रश्न हिरव्या मुगाच्या धिरड्यांनी सोडवला. सकाळी निघताना मूग भिजत घालते, संध्याकाळी आले, मिरची आणि जिरे घालून वाटते. पीठ आंबवावे लागत नाही, ही मोठी सोय आहे.

बिडाचा तवा तापला की अर्धा चिरलेला कांदा देठाकडून काट्याला टोचून तेलात टेकवते आणि तव्यावर फिरवते. कांद्याच्या कापलेल्या बाजूला तेल जेमतेम लागते, तवा सगळीकडे सारखा तेलकट होतो आणि धिरड्याला कांद्याचा खमंगपणाही येतो. पाच माणसांची दहा धिरडी तीन चमचे तेलात होतात. पहिले धिरडे बहुधा चिकटते, दुसऱ्यापासून तवा तयार झालेला असतो.

मुलगी आपल्या धिरड्यात परतलेली ढोबळी मिरची, कोबी, मक्याचे दाणे आणि थोडे किसलेले पनीर भरून त्याची गुंडाळी करते. आम्ही तेच धिरडे पुदिन्याची चटणी आणि टोमॅटोच्या साराबरोबर खातो. माणशी पन्नास ग्रॅम कोरडे मूग धरले तर १७० च्या आसपास कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने होतात, त्यामुळे दोन धिरड्यांत मोठ्या माणसाचे पोट भरते. एक काळजी मात्र घ्यावी. धिरडी गरमच खायची असतात, म्हणून करणारी व्यक्ती शेवटपर्यंत ओट्यापाशी अडकते. आमच्याकडे दोन तवे लावतो आणि दुसऱ्यापाशी नवरा उभा राहतो. काम पंधरा मिनिटांत आटोपते आणि सगळे एकत्र बसतात.

सांजवेळ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. पालेभाजी यांनी लिहिल्याप्रमाणे सासऱ्यांच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी भाकरीचे प्रमाण आहे तेवढेच ठेवायला आणि भात कमी करायला सांगितले. ते आता सव्वाआठला जेवतात आणि सासूबाईही त्यांच्याबरोबर बसतात.

काल शेंगोळे केले. सासूबाई मूळच्या पारनेरकडच्या आहेत, हे मला ठाऊक होते, पण लग्नानंतर मुंबईकडे आल्यापासून हुलग्याचे पीठ मिळत नाही म्हणून त्यांनी शेंगोळे करणे सोडले होते, हे मला सतरा वर्षांत कधी कळले नव्हते. त्यांनी पीठ हातात घेतले आणि मी तीन करीपर्यंत त्यांची दहा कडी वळून झाली. मुलगा काल मुद्दाम घरी थांबला होता आणि त्याने अक्षरांचा कारखाना काढला. पहिल्या वेळी मी पाणी उकळण्याआधी दोन सोडले, ते विरघळले. बाकीचे व्यवस्थित झाले. नवऱ्याने दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला आणि रात्री स्वयंपाकघरात कोणीही फिरकले नाही.

या महिन्यात तेल पाच लिटरवर आले आहे, तूप वेगळे. भाकरीपुराण यांचे वरून कूट घेण्याचे सुचवणेही सुरू केले आहे आणि मुलांच्या लक्षातसुद्धा आले नाही.

उद्या निघण्यापूर्वी दोन वाट्या मूग भिजत घालणार आहे. धिरडी कुरकुरीत व्हावीत म्हणून मुगात तांदूळ घालतात असे ऐकले आहे, तो किती घालावा? आणि बिडाचा तवा नसेल तर साध्या लोखंडी तव्यावर चालेल का?

हिरवी मिरची

दोन वाट्या मुगाला दोन चमचे तांदूळ पुरेत, ते मुगाबरोबरच भिजवावेत. लोखंडी तवा नक्की चालेल. पोळ्यांचा असेल तर आधी मीठ टाकून कोरडा तापवावा, फडक्याने पुसून घ्यावा आणि मग कांदा फिरवावा. पीठ तव्यावर ओतण्याआधी पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. ते चुरचुरत लगेच उडून गेले की तवा तयार झाला असे समजावे.